वेगाला दिशा असते



वसंतातल्या रम्य संध्याकाळी वेग, सदिश असली नावे काढणे म्हणजे आपणांस परीक्षेची आठवण करून देणे होय. तरीही ते धाडस आम्ही करीत आहोत. कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी नववी-दहावीचे मूल असेल, आणि याच पायरीवर पुष्कळ मुले विज्ञानाचा नाद सोडतात.

आमच्याच वर्गातली गोष्ट सांगतो. आम्ही विचारले, "गोफण गरगर फिरते आहे. दोरीचा एक पदर सोडला, तर दगड कोणीकडे जाईल?" बहुतेकांनी वहीत वर्तुळ काढून मध्यापासून थेट बाहेर जाणारा बाण दाखवला. त्यांत एक मुलगा असा होता की, जो जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर बसतो आणि ज्याचा नेम सहसा चुकत नाही. त्याच्याही वहीत तोच बाण! हाताला जे ठाऊक होते, ते वहीला ठाऊक नव्हते.

दोष त्याचा नव्हे, आमचा. 'विस्थापन भागिले काळ म्हणजे वेग' ही व्याख्या आम्ही घोकून घेतली होती. दिशा मात्र त्या व्याख्येतच पडून राहिली. मोटारीचा काटा ताशी ६० किलोमीटर दाखवतो, ती नुसती चाल. घाटातल्या वळणावर काटा ६० वरच स्थिर असला, तरी दिशा बदलते, म्हणून वेग बदलतो. आणि वेग बदलला की त्वरण आलेच. हे खडूच्या स्थिर बाणाने कसे पटावे?

येथे संगणक मदतीला येतो. नोबेल पारितोषिक मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' हा उपक्रम सुरू केला. त्याची सिम्युलेशने, म्हणजे पडद्यावरची हाताळता येणारी चित्रे, विनामूल्य मिळतात. काही मराठीतही आहेत. त्यांपैकी एकात लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा आहे. तो वर्तुळात फिरू लागला की त्याच्याबरोबर दोन बाण फिरतात. वेगाचा बाण वर्तुळाला नुसता स्पर्श करून पुढे रोखलेला. त्वरणाचा बाण केंद्राकडे वळलेला. किडा मुलाने स्वतः हलवावा आणि बाण कसे वळतात ते पाहावे.

आमचा तो राखणदार क्षणभर पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, बरोबर आहे. गोफण पाखरांच्या बाजूला आल्यावर सोडायची नसते. पाव फेरा आधीच सोडावी लागते!" त्या दिवशी त्याचा हात आणि त्याची वही यांची भेट झाली.

पण यंत्र आणले म्हणजे काम झाले, असे नव्हे. पहिल्या वर्षी आम्ही ही चित्रे सिनेमासारखी दाखवली. मुले रमली, उत्तरे मात्र पूर्वीचीच राहिली. मग आम्ही क्रम बदलला. आधी प्रत्येकाने वहीत आपला बाण काढायचा, शेजाऱ्याशी वाद घालायचा, आणि मगच कळ दाबायची. आपला चुकलेला बाण पडद्यावरच्या बाणाशेजारी दिसला, म्हणजे मूल विचार करू लागते. एका संगणकापुढे साठ मुले असली तरी एवढे साधते.

दुसरे उदाहरण घ्या. होडीचा वेग ताशी ४ किलोमीटर, नाक समोरच्या तीराकडे. प्रवाहाचा वेग ताशी ३. काठावरून पाहता होडीचा वेग किती? वर्ग ओरडतो, सात! पण एका बाणाच्या टोकाला दुसरा काटकोनात जोडला, की उत्तर येते पाच. नदी १ किलोमीटर रुंद असेल, तर पलीकडे जायला १५ मिनिटेच लागतात, प्रवाह असो वा नसो. मात्र होडी ७५० मीटर खाली लागते. बाण पडद्यावर ओढून जोडताना मुलांना हे जितके पटते, तितके सूत्राने पटत नाही.

तरीही एक सावधगिरी हवी. पडद्यावरच्या किड्याला वजन नाही आणि त्याची दोरी हाताला ओढ देत नाही. म्हणून संगणक पाहिल्यावर मोकळ्या मैदानात, माणसे दूर ठेवून, गोफणही फिरवली पाहिजे.

पालकांना एवढीच विनंती, की घरी मूल गणित सोडवत असेल तेव्हा उत्तर किती आले, असे आधी विचारू नका. "तुझा बाण कोणीकडे?" असे विचारा.