भट्टी थांबवणाऱ्यांची शिस्त

(गडब, ता. पेण येथे ग्रामस्थांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आजच्या विषयाची पत्रिका वाचून काहींना प्रश्न पडला असेल की, गडबमध्ये अणुभट्टीचे काय काम? आपण खाडीकाठची माणसे. भात, मीठ, मासळी आणि आता शेजारचे कारखाने हे आपले विषय. परंतु नकाशा उघडून पाहा. धरमतरच्या खाडीतून होडी बाहेर पडली आणि मुंबई बंदराच्या पाण्यातून उत्तरेकडे निघाली, तर घारापुरी मागे टाकल्यावर ट्रॉम्बेचा डोंगर दिसू लागतो. त्याच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. सरळ रेषेत मोजले तर ३५ ते ४० किलोमीटर. आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक असलेली ‘अप्सरा’ तेथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. म्हणजे गेली जवळजवळ सात दशके हा शेजार आहे.

दुसरेही एक नाते आहे. खारबंदिस्ती म्हणजे काय, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. उधाणाच्या रात्री बांधाला खांड पडली, तर काय होते हे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. ओहोटीच्या मोजक्या तासांत माती, दगड, पेंढा टाकून खांड बुजवावी लागते. भरती कोणासाठी थांबत नाही. त्या वेळी गावात दहा पुढारी चालत नाहीत. एकाने सांगायचे, इतरांनी ऐकायचे, थकलेल्याने बाजूला होऊन दुसऱ्याला जागा द्यायची. अणुभट्टी आणीबाणीत थांबवण्याची कथा याहून फार वेगळी नाही.

बंद करणे म्हणजे विझवणे नव्हे

अणुभट्टीत युरेनियमच्या अणूचे विभाजन होते, त्यातून न्यूट्रॉन बाहेर पडतात आणि ते पुढच्या अणूंचे विभाजन घडवतात. ही साखळी रोखण्यासाठी न्यूट्रॉन शोषून घेणारे नियंत्रक दांडे भट्टीत सोडले जातात. काही क्षणांत साखळी तुटते. सामान्य माणसाला वाटते, संपले काम. पण विभाजनातून जे किरणोत्सर्गी पदार्थ तयार झालेले असतात, ते उष्णता देतच राहतात. भट्टी बंद केल्याबरोबर ही उष्णता मूळ शक्तीच्या ६ ते ७ टक्के असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास येते आणि पुढे कित्येक दिवस रेंगाळते. चुलीतील लाकडे ओढून घेतली तरी निखारे धगधगत राहतात, तसेच हे. म्हणून कळ दाबून झाल्यावरच खरी परीक्षा सुरू होते. पाणी फिरत राहिले पाहिजे. ते थांबले तर इंधन वितळते. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये फुकुशिमा येथे नेमके हेच घडले. भूकंप होताच चालू भट्ट्या नियमानुसार बंद झाल्या होत्या. मात्र त्सुनामीने डिझेल जनित्रे बुडवली आणि पाणी फिरवणारे पंप थांबले.

एका चुकीच्या शब्दाची किंमत

आता तुम्हाला कॅनडातील चॉक रिव्हर येथे नेतो. त्याचे कारण आहे. तेथे ‘एनआरएक्स’ नावाची संशोधन अणुभट्टी होती आणि ट्रॉम्बेची ‘सायरस’ अणुभट्टी, जी १० जुलै १९६० रोजी कार्यान्वित झाली, ती याच एनआरएक्सच्या आराखड्यावर कॅनडाच्या साहाय्याने उभी राहिली. म्हणजे ही आपल्या शेजारणीची थोरली बहीण.

१२ डिसेंबर १९५२. एनआरएक्समध्ये कमी शक्तीवर प्रयोग चालला होता. तळघरातील एका कर्मचाऱ्याने चुकून भलत्याच झडपा उघडल्या आणि काही नियंत्रक दांडे वर उचलले गेले. वर नियंत्रण कक्षात लाल दिवे लागले. पर्यवेक्षक स्वतः तळघरात धावला, त्याने झडपा बंद केल्या, दिवे विझले. वस्तुतः काही दांडे पूर्ण खाली बसलेच नव्हते. त्याने तेथूनच दूरध्वनीवरून सहकाऱ्याला कळा दाबण्यास सांगितले आणि बोलताना एका कळेचा क्रमांक चुकला. चूक ध्यानात येताच तो ओरडला. पण दोन्ही हातांनी कळा दाबण्यासाठी सहकाऱ्याने रिसीव्हर खाली ठेवला होता. आणखी दांडे वर गेले. भट्टीची शक्ती झपाट्याने वाढू लागली. आणीबाणीची कळ दाबली, तरी दांडे हवे तसे खाली येईनात. अखेर भट्टीतील जड पाणी सोडून देण्याचा निर्णय झाला आणि तेव्हा कोठे साखळी तुटली. हे सारे घडले ते अवघ्या एक-दोन मिनिटांत. इंधन वितळले होते, स्फोट झाला होता आणि तळघरात सुमारे ४५ लाख लिटर किरणोत्सर्गी पाणी साचले होते.

आता शास्त्रज्ञांपुढे प्रश्न होता माणसांचा. किरणोत्सर्गात एका माणसाने किती वेळ थांबायचे याला मर्यादा असते. मूठभर तज्ज्ञ ती मर्यादा पहिल्याच दिवशी गाठणार. तेव्हा कॅनडाच्या सैन्यातील माणसे मदतीला आली आणि अमेरिकेच्या नौदलाची एक तुकडीही आली. त्या तुकडीचा प्रमुख २८ वर्षांचा लेफ्टनंट होता. त्याचे नाव जिमी कार्टर. पुढे हेच कार्टर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि २०२४च्या डिसेंबरमध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी निवर्तले.

त्यांनी काम कसे केले, ते तरुणांनी लक्षपूर्वक ऐकावे. जवळच्या टेनिसच्या मैदानावर भट्टीची हुबेहूब प्रतिकृती उभारली होती. तेथे प्रत्येकाने आपापल्या हालचालींची पुनःपुन्हा तालीम केली. कोणता बोल्ट, कोणता पाना, किती पावले. मग खऱ्या भट्टीत उतरायचे ते जेमतेम दीड मिनिट. तेवढ्यात एक-दोन बोल्ट सैल करायचे आणि परतायचे. आतला बोल्ट निघाला की बाहेरच्या प्रतिकृतीतीलही तोच बोल्ट काढला जाई, म्हणजे पुढच्याला नेमके ठाऊक असे. कोणीही एकट्याने पराक्रम केला नाही. प्रत्येकाने दीड मिनिटाचे काम चोख केले. सुमारे चौदा महिन्यांनी एनआरएक्स पुन्हा सुरू झाली आणि १९९३पर्यंत चालली.

शास्त्रज्ञाने मोजायचे आणि आखायचे, सैनिकाने तालीम करून अमलात आणायचे. ज्ञान आणि शिस्त यांची ही जोडी आहे. ज्ञानाविना शिस्त आंधळी ठरते आणि शिस्तीविना ज्ञान त्या दूरध्वनीसारखे, सांगितलेले एक आणि घडलेले भलतेच.

ट्रॉम्बेची कसोटी

१९७४च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने अणुसहकार्य थांबवले. १९७८ साली, कार्टर यांच्याच कारकिर्दीत, अमेरिकेने कायदा करून तारापूरच्या इंधनपुरवठ्याची वाट अडवली. अशा काळात ट्रॉम्बेमध्ये १०० मेगावॅट औष्णिक शक्तीची ‘ध्रुव’ ही संशोधन अणुभट्टी भारतीय अभियंत्यांनी स्वतः आखली आणि उभारली. तिच्या जडणघडणीत डॉ. अनिल काकोडकर यांच्यासारख्या मराठी अभियंत्याचा मोठा वाटा होता. ८ ऑगस्ट १९८५ रोजी ध्रुव कार्यान्वित झाली. देशभर कौतुक झाले.

आणि त्यानंतर अडचण आली. शीतक म्हणून फिरणाऱ्या जड पाण्याच्या प्रवाहात इंधनाचे संच थरथरू लागले. घर्षणाने त्यांवरील ॲल्युमिनियमचे आवरण झिजू लागले आणि पाण्यातील किरणोत्सर्ग वाढला. हा क्षण एनआरएक्ससारखा स्फोटाचा नव्हता. तरीही मला तो तितकाच कसोटीचा वाटतो. साऱ्या देशाने पाठ थोपटलेली, बाहेरचे देश अपयशाची वाट पाहणारे, आणि सल्ला मागावा असे कोणी नाही. अशा वेळी ‘चालू दे, पुढे पाहू’ असे म्हणण्याचा मोह किती झाला असता! आपल्या शास्त्रज्ञांनी भट्टी थांबवली, दोष शोधला आणि इंधनसंचांची रचना सुधारली. पूर्ण शक्ती गाठायला १९८८चे वर्ष उजाडले. जवळजवळ अडीच वर्षे त्यांनी टीका सोसली. पण घाई केली नाही. चालवण्याइतकेच थांबवण्यालाही धैर्य लागते, हे ध्रुवने शिकवले.

नरोऱ्याची रात्र

याच शिस्तीची अग्निपरीक्षा ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीज केंद्रात झाली. पहाटे साडेतीनच्या सुमारास टर्बाइनची दोन पाती तुटली, हायड्रोजन वायूने पेट घेतला आणि विजेच्या तारा जळाल्या. कर्मचाऱ्यांनी मिनिटभराच्या आत भट्टी बंद केली. त्यानंतर केंद्रातील सारी वीज गेली ती सुमारे १७ तास. नियंत्रण कक्ष धुराने भरला आणि तो सोडावा लागला. आता आठवा ते निखारे. कर्मचाऱ्यांनी आग विझवण्याचे डिझेल पंप जोडून बाष्पजनित्रांना पाणी पुरवले. काही जण अंधारात हातातील विजेऱ्यांच्या उजेडात इमारतीत वर चढले आणि त्यांनी झडपा हाताने उघडून बोरॉनयुक्त द्रावण भट्टीत सोडले, जेणेकरून साखळी पुन्हा सुरू होऊ नये. बाहेर किरणोत्सर्ग पसरला नाही. त्या रात्रपाळीतील माणसांची नावे आज किती जणांना सांगता येतील?

सत्य लपवल्यास

याउलट चित्र २६ एप्रिल १९८६ रोजी तत्कालीन सोव्हिएत संघातील चेर्नोबिलमध्ये दिसले. तेथेही शास्त्रज्ञ आणि सैनिक शौर्यात उणे नव्हते. जवान छतावर जाऊन एक-दोन मिनिटांत जमेल तेवढा किरणोत्सर्गी मलबा फावड्याने ढकलून परतत होते. परंतु भट्टीच्या रचनेतील दोष चालकांपासून लपवलेला होता. ज्या कळेने भट्टी थांबायची, तीच दाबल्यावर शक्ती क्षणभर वाढली. लगतच्या प्रिप्यात शहरातील नागरिकांना हलवण्यात सुमारे दीड दिवस गेला. वरिष्ठांनी लपवलेल्या सत्याची किंमत कनिष्ठांच्या शौर्याने चुकवावी लागली. बांधाला घूस लागली आहे हे ठाऊक असून गावाला न सांगणारा माणूस बांध फोडणाऱ्याइतकाच दोषी असतो.

आपले काम

मग गडबच्या माणसाने काय करायचे? सरकारने आपल्या बाजूने व्यवस्था उभी केली आहे. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले आणि त्याच्या जवानांना किरणोत्सर्गी आपत्तीचेही प्रशिक्षण मिळते. त्याची एक तुकडी आपल्या महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यातील सुदुंबरे येथे आहे. परंतु नागरिक बेशिस्त असेल, तर उत्तम दलही हतबल होते.

एक उदाहरण देतो. एप्रिल २०१०मध्ये दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात एका जुन्या यंत्रातील कोबाल्ट-६० पोहोचले. ते काय आहे हे न कळल्याने कामगारांनी ते हाताळले, अनेक जण आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला. अखेर अणुशास्त्रज्ञ आणि आपत्ती दलाने ते ताब्यात घेतले. भंगाराचा व्यवहार आपल्या परिसरातही होतो. पिवळ्या पाटीवरील तीन पात्यांची खूण मुलांना दाखवून ठेवा. ती दिसली तर हात लावायचा नाही, दूर व्हायचे आणि पोलिसांना कळवायचे. आणीबाणीत अफवा पुढे पाठवायची नाही, अधिकृत सूचना ऐकायची आणि घरात थांबा म्हटले तर थांबायचे. आणि प्रशासनाला शांतपणे, पण ठामपणे विचारायचे की, आमच्या तालुक्यात अशा आपत्तीची रंगीत तालीम कधी झाली?

तरुणांना वेगळे सांगतो. या मुलांतून उद्या कोणी ट्रॉम्बेला जाईल, कोणी सैन्यात. कोठेही जा, पण तीन गोष्टी घेऊन जा. ऐकलेली आज्ञा परत उच्चारून खात्री करून घ्या. तालमीचा कंटाळा करू नका. आणि दोष दिसला तर वरिष्ठ कितीही मोठा असो, थांबवा म्हणा. बांधावर फेरी मारणारा आपला आजोबा हेच करीत होता. उधाण येण्याआधी.