दुर्मिळ जीवाणूची साक्ष

मुंबई-हावडा लोहमार्गावर दुर्गच्या पश्चिमेस रसमडा हे स्थानक लागते. या परिसरातील एखाद्या कामगाराची मूत्रपिंडे निकामी झाली, तर आठवड्यातून दोन-तीन वेळा, चार-चार तास त्याला डायलिसिसच्या यंत्राचा आधार घ्यावा लागतो. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये जाहीर झाल्यापासून ही सोय जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचू लागली आहे. यंत्राबरोबर पाण्याची जबाबदारीही येते.

एका बैठकीत सुमारे १२० लिटर द्रव रुग्णाच्या रक्ताशेजारून वाहतो. दोहोंमध्ये असते केवळ एक पातळ पटल. पिण्याच्या पाण्यातील क्लोरीन तांबड्या पेशींचा नाश करतो, म्हणून तो कोळशाच्या गाळणीने काढून टाकावा लागतो. परंतु हा पहारेकरी दूर होताच पुढील नळ्यांत जीवाणूंचे फावते. नळीच्या आतील बाजूस त्यांचा चिकट थर साचतो व जंतुनाशकांनाही तो सहजी दाद देत नाही.

डायलिसिसच्या रुग्णांच्या रक्तात बहुधा त्वचेवरील स्टॅफिलोकोकस आढळतो. क्वचित मात्र बर्कहोल्डेरिया सेपेशिया हा पाहुणा सापडतो. वॉल्टर बर्कहोल्डर यांनी १९५० मध्ये त्याचे वर्णन केले ते कांदा कुजविणारा जीवाणू म्हणून. ऊर्ध्वपातित पाण्यात तो तग धरतो, सौम्य जंतुनाशक द्रावणातही जगतो आणि अनेक प्रतिजैविकांना जुमानत नाही.

अखंड पटलातून जीवाणू सहसा पार होत नाहीत. मानेतील नळी हाताळताना हयगय झाली, अथवा डायलायझर धुऊन पुन्हा वापरताना जंतुनाशन अपुरे राहिले, तर त्यांना वाट मिळते. म्हणून हातावर शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी, अर्थात १९६६ मध्ये ब्रेशिया व सिमिनो प्रभृतींनी प्रसिद्ध केलेली फिस्टुला, नळीपेक्षा अधिक सुरक्षित मानली जाते.

असा जीवाणू एका रुग्णात आढळला तरी चौकशी आवश्यक असते. एकाच केंद्रातील दोघांत आढळला, तर संशय प्रथम पाणी, औषधे व जंतुनाशकांच्या बाटल्यांवर घ्यावा. पाण्याच्या दर मिलिलिटरमागे जीवाणूंच्या वसाहती १०० पेक्षा कमी असाव्यात, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. ही तपासणी नियमाने व्हावयास हवी. आणि यंत्रावर असताना हुडहुडी भरून ताप आला, तर रुग्णाने तो अंगावर काढू नये; प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी रक्ताचा नमुना संवर्धनासाठी घेतला जाणे अगत्याचे आहे. त्या नमुन्यावर त्याचेच नव्हे, तर शेजारच्या खाटेवरील रुग्णाचेही प्राण अवलंबून असू शकतात.