चित्रपुस्तकांतील विविधता आणि तिचे अर्थशास्त्र

(चेन्नई येथे अभ्यासदौऱ्यावर आलेल्या मराठी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



‘विविधतेत एकता’ या विषयावर निबंध तुम्ही अनेकदा लिहिला असेल. त्यात भाषा, धर्म, वेश आणि सण यांची यादी येते. तीन ते सहा वर्षांच्या बालकाला मात्र विविधता यादीतून कळत नाही. शेजारी बसलेल्या मुलाचा डबा, त्याची बोली, त्याच्या वडिलांचे काम यांतून ती त्याच्यासमोर येते. त्या वेगळेपणाचा अर्थ काय लावायचा, हे ते मोठ्यांकडून शिकते. या शिकवणुकीचे एक साधे साधन म्हणजे गोष्टीचे चित्रपुस्तक. असे पुस्तक वर्गात काय साधते आणि लहान समाजगटांच्या मुलांपर्यंत ते का पोहोचत नाही, या दोन प्रश्नांचा आज विचार करू.

कालीची गोष्ट

चेन्नईतील ‘तूलिका’ या प्रकाशनसंस्थेची स्थापना १९९६ साली झाली. तिच्या पुस्तकांत झाई व्हिटेकर यांचे ‘काली अँड द रॅट स्नेक’ हे एक पुस्तक आहे. काली हा इरुळ जमातीचा मुलगा आहे. त्याचे वडील साप पकडतात. शाळेतील मुले त्याच्यापासून दूर राहतात आणि त्यालाही आपल्या वेगळेपणाचा संकोच वाटतो. एके दिवशी वर्गात धामण शिरते. सर्वांची पळापळ होते. काली मात्र शांतपणे तिला पकडतो.

इरुळ ही तामिळनाडूतील विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक जमात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सापांच्या कातड्यांचा व्यापार बंद होत गेला आणि या जमातीच्या अनेक कुटुंबांची उपजीविका संपुष्टात आली. १९७८ मध्ये त्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. चेन्नईजवळ वडनेम्मेली येथे ही संस्था नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष काढते. सर्पदंशावरील प्रतिविष तयार करण्यासाठी त्याचा उपयोग होतो. २०२३ मध्ये वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोन इरुळ सर्पतज्ज्ञांना पद्मश्री जाहीर झाली.

कालीची गोष्ट वर्गातील मुलांना दया शिकवत नाही. कालीकडे आपल्याकडे नसलेले ज्ञान आहे, हे दाखवते. शिक्षिकेने मात्र येथे एक पथ्य पाळावयास हवे. वर्गातील आदिवासी मुलाकडे बोट दाखवून ‘हा कालीसारखा’ असे म्हटले, तर पुस्तकाचा हेतूच नष्ट होतो. त्याऐवजी ‘तुमच्या घरी कोणाला काय चांगले येते?’ असे प्रत्येक मुलाला विचारावे. मग सुताराचे, कोळ्याचे, कारकुनाचे मूल एकाच रांगेत येते.

छपाईचा हिशेब

अशी पुस्तके कमी का, याचे उत्तर बऱ्याच अंशी अर्थशास्त्रात आहे. चित्रपुस्तकाचा मोठा खर्च चित्रे आणि मांडणी यांवर होतो. दोन हजार प्रती काढा वा वीस हजार, तो बदलत नाही. यालाच आपण स्थिर खर्च म्हणतो. उदाहरणादाखल हा खर्च १,८०,००० रुपये आणि कागद-छपाईचा खर्च प्रतिपुस्तक ४० रुपये धरू. एकाच भाषेत २,००० प्रती काढल्यास एक प्रत १३० रुपयांना पडते. तीच चित्रे वापरून नऊ भाषांत मिळून १८,००० प्रती काढल्या, तर भाषांतराचा खर्च वगळता, प्रत ५० रुपयांना पडते. रंगीत छपाईत मजकूर फक्त काळ्या शाईच्या पत्र्यावर ठेवला, की भाषा बदलताना तो एकच पत्रा बदलावा लागतो.

‘तूलिका’ने हाच मार्ग धरला. इंग्रजीसह नऊ भाषांत ही संस्था पुस्तके काढते आणि त्यांत मराठीही आहे. महाराष्ट्रातील लोककथेवर आधारलेले ‘एक्की डोक्की’ हे संध्या राव यांचे पुस्तक याच संस्थेचे. अशा रीतीने आपल्याकडची कथा चेन्नईमार्गे इतर भाषांतील मुलांपर्यंत गेली.

तामिळ भूमीला हे नवे नाही. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला आणि इसापनीतीचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापून घेतले. त्या काळी तेथे मराठी वाचक थोडे होते. बाजारावर सोडले असते, तर ते पुस्तक निघाले नसते. राजाने खर्च उचलला, म्हणून ते निघाले.

शासनाची भूमिका

आज ही जबाबदारी शासनाची आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनंतर अनुच्छेद ४५ नुसार सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण हे राज्यासाठी मार्गदर्शक तत्त्व ठरले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यात मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याबाबत अनुच्छेद ३५०-क आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा मानला. त्यासाठी २०२२ मध्ये अभ्यासक्रम आराखडा आणि २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ हे अध्ययन-साहित्य आले.

तथापि, २०११ च्या जनगणनेत दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या १२१ भाषा नोंदल्या आहेत. नऊ भाषांचा हिशेब जमला, तरी उरलेल्यांचा प्रश्न कायम राहतो. पुस्तकखरेदीत केवळ सर्वांत कमी दर हा निकष ठेवला, तर मोठ्या भाषेतील मोठ्या आवृत्तीचे पुस्तक नेहमीच जिंकणार. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम वा माडिया गोंड मुलाच्या भाषेतील पुस्तक त्या स्पर्धेत कधीच टिकणार नाही. म्हणून लहान भाषांसाठी स्थिर खर्च शासनाने वेगळा उचलावा आणि खरेदीचा काही हिस्सा त्यांच्यासाठी राखून ठेवावा, असे मी सुचवतो.

तुमच्यापैकी काहीजण उद्या प्रशासनात असतील. अंगणवाडीच्या पुस्तकखरेदीची नस्ती तुमच्या टेबलावर येईल. रक्कम लहान असल्याने तिच्यावर सही करायला मिनिटही लागणार नाही. सहीपूर्वी दोन गोष्टी तपासा: त्या अंगणवाडीतील मुले घरी कोणती भाषा बोलतात आणि पुस्तकांतील चित्रांत कोणाची घरे दिसतात. दोन्ही उत्तरे जुळत नसतील, तर नस्ती परत पाठवण्याचा अधिकार तुम्हाला असेल. तो वापरा.