अमर शेखांच्या मागे उभे असलेले

(घाटकोपरमध्ये एका एकपात्री प्रयोगानंतर केलेलं भाषण. थोडं संपादित.)



गेला तासभर तुम्ही ज्याला पाहिलंत तो आमचा मित्र आत कपडे बदलतोय. तो येईपर्यंत बोल, असं मला सांगितलंय. मी नट नाही, गाण्याचं तर नावच नको. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे आणि शनिवार-रविवारी या प्रयोगाचा साउंड सांभाळतो. माइक खरखरला की तुम्ही मागे वळून ज्याच्याकडे रागाने बघता, तो मी.

पोस्टरवर एकच चेहरा आहे आणि खाली 'एकपात्री' असं लिहिलंय. या शब्दाशी माझं जरा भांडण आहे. आमच्या कंपनीत आठ जण कोड लिहितात आणि डेमो एक जण देतो. टाळ्या त्याला. ते मला चालतं, कारण पगार आठही जणांना मिळतो. पण मागे एका ठिकाणी आमचा प्रयोग झाला, तिथे नटाला शाल-श्रीफळ दिलं आणि ढोलकीवाल्याला सांगितलं, "तुमचं सामान जरा लवकर हलवा, पुढचा कार्यक्रम आहे." तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही, आणि त्याची मला अजून लाज वाटते. म्हणून आज बोलतोय.

पोवाडा उभा कसा राहतो ते बघा. शाहीर पुढे, हातात डफ. मागे झीलकरी. तुणतुण्यावरचा माणूस एकच सूर धरून असतो; आपल्याला वाटतं त्याला काही कामच नाही. पण शाहीर आवेशात सुरावरून घसरला तर परत यायला जागा तीच. आणि झीलकरी 'जी जी' म्हणत ओळ उचलतात ना, तेवढ्यात शाहीर श्वास घेतो. तो श्वास तुम्हाला ऐकू येत नाही, कारण त्यावर चार माणसांचा आवाज असतो. मी इथे मशीनवर बसतो तेव्हा ते स्पष्ट दिसतं. मागचे माइक बंद केले तर आमचा हा दमदार गडी दहा मिनिटांत बसेल. पावसाळ्यात तर आणखी गंमत. मुंबईच्या दमट हवेत डफाचं कातडं सैल पडतं, मग पडद्यामागे कुणीतरी तो शेकत बसलेला असतो. तो माणूस कुठल्याच फोटोत नसतो.

आता अमर शेखांकडे येऊ. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म 1916, बार्शी. मोटारीवर क्लीनर होते, गिरणीत कामगार होते. पुढे त्यांच्या पहाडी आवाजाच्या इतक्या गोष्टी सांगितल्या गेल्या की असं वाटावं, हा माणूस एकटाच मैदानात उभा राहिला आणि महाराष्ट्र जमा झाला. तसं नव्हतं. 1944 साली लाल बावटा कलापथक उभं राहिलं ते तिघांच्या नावावर: अण्णाभाऊ साठे, दत्ता गव्हाणकर आणि अमर शेख. अण्णाभाऊ वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, मातंग समाजातले, शाळेशी जवळजवळ संबंध नाही, लहानपणी घरच्यांबरोबर चालत मुंबईला आलेले. त्यांनी 1943 मध्ये स्टालिनग्राडवर पोवाडा रचला होता. गव्हाणकरही लिहिणारे, गाणारे. आणि अमर शेख, ज्यांच्या गळ्यातून हे शब्द गिरणगावात, मैदानांत आणि खेडोपाडी पोचले. ते स्वतःही लिहीत. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह.

आपण बसलोय तिथून चिराग नगर लांब नाही. अण्णाभाऊ तिथल्या झोपडीत राहत. मी याच घाटकोपरमध्ये वाढलो, क्लासला जाता-येता रोज तिथून गेलो, आणि ही गोष्ट मला कळली इंजिनीअरिंग संपल्यावर. शाळेने सांगितलं नाही, मोहल्ल्यानेही नाही. दोघांनाही मी माफ केलेलं नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड घ्या. लिहिली अण्णाभाऊंनी, लोकांच्या कानात बसली ती अमर शेखांच्या आवाजात. गावाकडे राहिलेल्या बायकोची आठवण काढणारा मुंबईतला कामगार, आणि तिच्या आडून बेळगाव, कारवार, निपाणीची ताटातूट. विरहाचं गाणं सभेत म्हणायचं आणि सभेने ते राजकारण म्हणून ऐकायचं, हे साधायला लिहिणारा आणि गाणारा एकमेकांना नीट ओळखणारे लागतात. आम्ही प्रयोगात ती घेतली तेव्हा नट आणि ढोलकीवाला यांचं तीन आठवडे भांडण चाललं होतं. नटाला ती रडवी हवी होती, ढोलकीवाला म्हणायचा, "अरे, लोकांनी ठेका धरला पाहिजे, मग आपोआप रडतील." आज तुम्ही ऐकलीत ती ढोलकीवाल्याची.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने या पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. बंदी घालणाऱ्यांना एक गोष्ट आपल्यापेक्षा चांगली समजली होती. त्यांनी एका गायकाला नाही, अख्ख्या पथकालाच गप्प केलं.

अजून एक माणूस या पथकात मोजायला हवं. अमर शेखांची आई, मुनेरबी. मराठी लोकगीतं पोराच्या कानावर पहिल्यांदा पडली ती तिच्या तोंडून. ही गोष्ट मला का महत्त्वाची वाटते ते सांगतो. ऑफिसात मला दर काही महिन्यांनी कुणीतरी कौतुकाने म्हणतं, "तुझं मराठी किती छान आहे रे!" चांगल्या मनाने म्हणतात. पण माझ्या शेजारी बसणाऱ्या देशपांडेला हे कधी कुणी म्हणालेलं मी ऐकलं नाही. पूर्वी मी 'थँक यू' म्हणायचो. आता म्हणतो, आईची भाषा आहे. माझी अम्मी सोलापूरकडची. घरात दखनी बोलते आणि भाजीवाल्याशी, देवाशी, माझ्याशी भांडताना मराठी. अमर शेख मुसलमान असून मराठीचे शाहीर झाले, असं अजूनही भाषणांत सांगतात. त्यातलं 'असून' मला खटकतं. त्यांनी 'वख्त की आवाज' या नावाचं नियतकालिकही काढलं होतं. त्यांना दोन्ही भाषा आपल्याच होत्या, पंचाईत झाली ती आपली.

उलट बाजूही बोलायला हवी. आपल्याच काही घरांत मला विचारलं गेलं, "ये तमाशा-पोवाडा अपना काम है क्या?" मी वाद घालत नाही. त्या काकांना मी एकदा प्रयोगाला आणलं, पुढच्या रांगेत बसवलं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "मेहबूब नाव होतं का त्याचं? माझ्या भावाचंही तेच." पुढच्या वेळी स्वतः रिक्षा करून आले आणि सोबत दोघांना घेऊन आले.

1969 च्या पावसाळ्यात 18 जुलैला अण्णाभाऊ गेले. 29 ऑगस्टला इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. मध्ये सहा आठवडे. आमच्या प्रयोगाच्या शेवटी दिवे जातात आणि फक्त तुणतुणं वाजत राहतं, ते यासाठी. काही जणांना वाटतं की माझ्याकडून बटण दाबायचं राहिलं. राहत नाही.

आला बघा तो. आता प्रश्नोत्तरं. पण माझी एक विनंती आहे. पहिले तीन प्रश्न मागे बसलेल्या तिघांना विचारा. ढोलकीवाल्याला ठेक्याबद्दल विचारा, तो तुम्हाला अर्धा तास सोडणार नाही. आणि आज सामान आम्ही हलवणार नाही. हॉल साडेनऊपर्यंत आपलाच आहे, मी भाडं आधीच भरलंय.