दोन आरशांमधला उजेड
(गणेशोत्सवातील विज्ञान व्याख्यान)



आराशीत दोन आरसे समोरासमोर ठेवले की एका समईच्या अनेक समया दिसतात. उजेड आरशांमध्ये येरझारा घालतो. आम्ही आज याच गोष्टीविषयी बोलणार आहोत. फक्त आरशांमधले अंतर केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहून कमी, आणि मध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर!

रंगद्रव्याचा रेणू प्रकाश शोषतो आणि सोडतो. एरवी तो प्रकाश निघून जातो. आरशांत मात्र तो निसटण्याआधीच पुन्हा शोषला जातो. ही देवाणघेवाण पुरेशी वेगाने झाली की प्रकाश आणि पदार्थ वेगळे काढता येत नाहीत. या मिश्र अवस्थेला पोलॅरिटॉन म्हणतात.

घरी करून पाहा. दोन खुर्च्यांमध्ये सैलसर दोरी बांधून तिला सारख्या लांबीचे दोन लंबक टांगा. एकाला झोका दिला की हळूहळू तो थांबतो आणि दुसरा झुलू लागतो, मग उलट. अशा जोडीला एकाऐवजी दोन वारंवारता असतात. प्रयोगशाळेतही वर्णपटात एका रेषेच्या जागी दोन रेषा दिसतात.

1992 मध्ये गॅलियम आर्सेनाइडच्या थरांत हे दिसले, पण अतिथंड तापमानाला. 1998 मध्ये इंग्लंडमधील शेफील्डच्या संशोधकांनी, आपल्या रक्तातील हीमच्या कुळातले पॉर्फिरिन वापरून, ते साध्या खोलीच्या तापमानाला दाखवले. सेंद्रिय रेणू प्रकाश फार जोराने शोषतात, म्हणून हे जमले.

पुढे फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे थॉमस एबेसन यांच्या गटाने 2012 मध्ये सांगितले, की अशा आरशांत प्रकाशाने होणारी अभिक्रिया मंदावते. 2016 मध्ये तर बाहेरून प्रकाश न देताही, नुसत्या आरशांमुळे अभिक्रिया मंदावल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. हे पक्के ठरले तर उष्णता वा उत्प्रेरक न वापरता रसायनशास्त्राला नवी किल्ली मिळेल.

पण याच प्रकारचे इतर काही दावे अमेरिकेतील प्रयोगशाळांनी पुन्हा तपासले, तेव्हा वेगात फरक आढळला नाही. तसे त्यांनी 2021 मध्ये छापले. पोलॅरिटॉन खरे आहेत, याबद्दल वाद नाही. त्यांनी अभिक्रिया बदलते का, हा वाद आहे.

विज्ञान शिकवणारे आम्ही वर्गात दोन्ही बातम्या सांगतो. मुलांनो, नवल वाटू द्या, आणि मग विचारा, ‘दुसऱ्याने करून पाहिले का?’ विद्येच्या देवतेपुढे हा प्रश्न विचारायला संकोच नको.

गणपती बाप्पा मोरया!