लाल दगडातलं लोखंड

उदगीरहून बिदरकडे निघालं की पठारावर लाल जांभा दिसतो. हा रंग लोहाचाच, तरी त्यापासून पोलाद कुणी करत नाही, कारण त्यात लोह आणि अॅल्युमिना फार बारीक मिसळलेले असतात. म्हणून माझं म्हणणं असं, की खनिजाची किंमत त्यात लोह किती यापेक्षा ते किती सुटं करता येतं, यावर ठरते. गडचिरोलीच्या सुरजागड भागातल्या पट्टेदार हेमॅटाइट-क्वार्ट्झाइट खडकात लोह आणि सिलिकेचे थर आलटूनपालटून असतात. शुद्ध हेमॅटाइटमध्ये सुमारे ७० टक्के लोह असतं. अशा खडकात ते बहुधा ४० टक्क्यांच्या आतच. मात्र खडक बारीक दळला की कण मोकळे होतात, आणि जड लोहकण पाण्यात वेगळे काढता येतात. अमेरिकेत मिनेसोटातल्या टॅकोनाइट या कमी लोहाच्या खडकासाठी संशोधक ई. डब्ल्यू. डेव्हिस यांनी कित्येक वर्षं खपून लोहकण वेगळे काढण्याची चुंबकीय पद्धत घडवली. १९५०च्या दशकात ती मोठ्या प्रमाणावर चालू लागली. तिथल्या खडकातलं लोहखनिज, मॅग्नेटाइट, चुंबकाला सहज लागतं. आपला हेमॅटाइट जेमतेम ओढला जातो, त्याला फार तीव्र चुंबकीय क्षेत्र किंवा कण फेसावर तरंगवून वेगळे करणारी फेसाळ तरंगण पद्धत लागते.

यावर आक्षेप येतो, की दळायला वीज आणि धुवायला पाणी लागतं, शिवाय गाळ उरतो. आक्षेप खरा आहे. मिनेसोटात हा गाळ १९८० पर्यंत सुपीरियर सरोवरात सोडला जात होता. पण दोष वेगळं करण्याच्या तंत्राचा नव्हता, गाळ कुठे टाकला याचा होता. गाळ तळाशी बसवणाऱ्या घट्टकारक टाक्यांतून बरंचसं पाणी परत वापरता येतं. तेव्हा गडचिरोलीत किती टन खनिज सुधारलं, हे विचारताना गाळ कुठल्या तळ्यात साठला आणि त्या तळ्याचा बांध कोण तपासतो, हेही आपण विचारायलाच हवं.