मृग, व्याध आणि लोकमान्यांचा हिशेब



नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या भोकर तालुक्यात ७-८ जूनला मिरग लागतो. पाऊस साधला की कापूस, सोयाबीन, तुरीच्या पेरण्या सुरू होतात. तेव्हा सूर्यच मृग नक्षत्रात असल्यामुळे मृग दिसत नाही. तो पाहायचा थंडीतल्या रात्री. चार तारे हरणाचे पाय, पोटात तीन ताऱ्यांचा बाण. बाणाची रेघ एकीकडे वाढवली की सर्वांत तेजस्वी तारा व्याध लागतो, दुसरीकडे तांबूस रोहिणी.

ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातली प्रजापतीची कथा याच ताऱ्यांची. प्रजापती हरिणरूपाने आपल्याच कन्येमागे धावतो आणि देवांनी निर्माण केलेला रुद्र त्याला बाण मारतो. त्यातला मृग कोण, मृगव्याध कोण, रोहिणी कोण आणि बाण कोणता, हे ग्रंथच सांगतो. तारे आपण मागाहून चिकटवलेले नाहीत.

लोकमान्य टिळक १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये याच्या पुढे गेले. ब्राह्मणग्रंथांत प्रजापती म्हणजे संवत्सर. वसंतसंपात, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होताना सूर्य असतो तो बिंदू, मृगात होता, तेव्हा वर्षाचं तोंड तिथे होतं, असं त्यांनी मांडलं. संपात मागे सरकतो, म्हणजे मृगाकडून रोहिणीकडे; प्रजापतीची धावही त्याच दिशेची. जर्मनीत हर्मान याकोबीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे अशाच काळापाशी पोचले होते.

हा हिशेब भोकरच्या पंचांगावरूनही जमतो. वसंतसंपात २१ मार्चच्या सुमारास, मिरग ८ जूनला. अंतर ७९ दिवस. संपात एक दिवस सरकायला सुमारे ७२ वर्षं लागतात. म्हणजे साधारण ५,७०० वर्षांपूर्वी संपात मृगाच्या आरंभी होता.

मात्र एवढ्याने कथा तेव्हाच रचली गेली, हे सिद्ध होत नाही. कथेत संपाताचा उल्लेख नाही आणि अनेक अभ्यासकांना टिळकांनी काढलेला काळ मान्य नाही. ताऱ्यांची ओळख मी पुरावा मानतो. काळ हे अनुमान मानतो. ही सीमा पाळली नाही, तर कुठलाही देव कुठल्याही ताऱ्यावर बसवता येतो आणि टिळकांनी घेतलेल्या कष्टांचं मोल उरत नाही.

म्हणून येत्या हिवाळ्यात मुलांना बाहेर न्या. आधी रेघ दाखवा, मग कथा सांगा, आणि हिशेब त्यांनाच करू द्या.